जुने सोलापूर संगणकावर आणण्याआधी: वंश, वसाहतवाद आणि शहरातील जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासात एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी ‘वंशभेद, वसाहतवादाचा वारसा आणि शहरातील जागा’ हा विषय सोलापूरच्या संदर्भात घ्यावा, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे आणि काम डिजिटल पद्धतीने करायचे आहे. तुमच्या शंका तीन आहेत. सोलापुरात गोऱ्यांची मोठी वस्ती कधी नव्हती, मग वंशभेद शोधायचा कुठे? कोणते सॉफ्टवेअर शिकायचे? आणि साधने कुठे मिळतील? जुने नकाशे, नगर भूमापनाचे कागद आणि माणसांच्या आठवणी एकमेकांवर बसवून पाहण्याचे काम मी वीसेक वर्षे करतो आहे आणि त्यातला बराच काळ सोलापुरात गेला आहे. पहिल्या शंकेला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण ती सुटली नाही तर उरलेल्या दोन्हींची उत्तरे मिळूनही उपयोग होत नाही. सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत हाताखाली येते; एखादा कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, हे कळायला वर्ष जाते.

‘वंश’ हा शब्द घेऊन सोलापूरच्या कागदपत्रांत शोध घेतलात तर फारसे काही हाती लागणार नाही. जनगणनेच्या तक्त्यांत युरोपियन, युरेशियन आणि पुढे अँग्लो-इंडियन असे रकाने आहेत; पण १९०१ साली ७५,२८८ लोकसंख्या असलेल्या या शहरात त्या रकान्यांत बसणारी माणसे म्हणजे रेल्वे, कचेरी, गिरणी आणि मिशन यांच्याभोवतीची थोडी कुटुंबे. त्यांच्या घरांचे ठिपके नकाशावर टाकून ‘हा गोरा भाग, हा काळा भाग’ अशी रेघ ओढणे सोपे आहे आणि ती रेघ पूर्णपणे खोटीही नाही. पण सोलापूरच्या इतिहासातला जड भाग तिथे नाही. वंशाचा विचार या शहरात आला तो ‘गुन्हेगार जमात’ या नावाने, आणि तुमच्या प्रबंधाचा पाया तिथे घालावा असे माझे स्पष्ट मत आहे.

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा. तो प्रथम उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढवली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्यामागचा तर्क असा होता की या देशात सुताराचे पोर सुतार होते, विणकराचे पोर विणकर होते, तेव्हा चोराचे पोर चोरच होणार. म्हणजे गुन्हा हा माणसाच्या करणीत न मोजता त्याच्या जन्मात मोजला गेला. याच पिढीत हर्बर्ट रिझले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते, आणि नाकाच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तरावरून जातींची वंशवार उतरंड लावता येते अशी त्यांची धारणा होती. याच काळात बोटांच्या ठशांची पद्धत पोलिसांच्या हाती आली. कलकत्त्यातील ठसे-कार्यालय १८९७ चे, आणि १९११ च्या कायद्यात नोंदलेल्या माणसांचे ठसे घेण्याची तरतूद आहे. मोजमाप, ठसा आणि जन्माने ठरलेला गुन्हा या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की ‘सोलापुरात वंशभेद कुठे होता’ हा प्रश्न मागे पडतो आणि तो कोणत्या जमिनीवर, कोणत्या कुंपणाआत उभा होता, हे विचारावे लागते.

ती जमीन सोलापुरात आहे. या कायद्याखाली नोंदलेल्या कुटुंबांना ठेवण्यासाठी मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वसाहती (इंग्रजीत ‘सेटलमेंट’) चालत आणि सोलापूरची वसाहत चालवण्याचे काम अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेकडे होते. कैकाडी, टकारी, पारधी अशा समाजांची कुटुंबे तारेच्या आत ठेवलेली, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचे तर पास, आणि कामाला कापडगिरणी. इथे शहराच्या जागेचा प्रश्न उघडा पडतो. गिरणीला खात्रीचे आणि स्वस्त हात हवे होते, सरकारला माणसे नजरेखाली हवी होती, मिशनला सुधारणेचे काम दाखवायचे होते; तिन्ही गरजा एकाच जागेवर येऊन मिळाल्या. कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढे म्हटले तरी तो आजही बरोबर नेऊन सोडतो, आणि ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही पाकिटावर लिहिला जातो. त्या पत्त्यातला ‘फ्री’ हा शब्द तारेच्या बाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांच्या वस्तीचा आहे. एवढा एक शब्द धरून तुम्ही महिनाभर काम केलेत तरी वाया जाणार नाही.

याचा अर्थ सोलापुरातील प्रत्येक भेद इंग्रजांच्या पदरात टाकावा असा नाही. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, पाण्याला कोणी कुठून जायचे, हे १८१८ मध्ये कंपनीचा अंमल येण्याच्या आधीपासून ठरलेले होते. वसाहतवादी राज्याने या जुन्या रेघा पुसल्या नाहीत; त्यांतल्या काही आपल्या कागदावर उतरवून घेतल्या आणि कागदावर आल्यामुळे त्या जास्त घट्ट झाल्या. जात आणि वंश एकच मानू नका, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही असेही मानू नका. तुमच्या प्रबंधाचा सर्वांत अवघड परिच्छेद हाच असेल आणि तो कोणतेही सॉफ्टवेअर लिहून देणार नाही.

शहराची बाकीची जडणघडण तुम्हाला परिचयाची आहे, म्हणून ती भराभर सांगतो. नगरपालिका १८५२ ची. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्याचा इतिहास लिहिताना हा धागा जरूर दाखवा, पण त्यावर अख्खा प्रबंध टांगू नका. मिसिसिपीच्या मळ्यापासून मुरारजी पेठेपर्यंत सरळ बाण काढलेले नकाशे दिसायला देखणे असतात, पण बाणाच्या मधल्या प्रत्येक टप्प्याला कागद लागतो. मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, १८७७ ची. म्हणजे गिरणी आणि १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ एकाच काळातले आहेत. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्वभागात वसले. कन्ना चौक, कोंतम चौक ही नावे त्याची खूण. दुसऱ्या टोकाला लष्कर, सदर बझार, रेल्वे लाइन्स आणि डफरीन चौक. नावांवरून भाग ओळखता येतो, पण नाव हा पुरावा नव्हे. डफरीन हे १८८४ ते १८८८ या काळात व्हाइसरॉय होते एवढेच नावावरून कळते. चौकाला नाव कधी दिले, त्याआधी लोक त्या जागेला काय म्हणत, हे वेगळे शोधावे लागते.

परदेशात या विषयावर झालेले काम वाचाच. मात्र त्यातून काय उचलायचे हे नीट ठरवा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन माहिती गोळा केली आणि घरे आर्थिक स्तरानुसार रंगवून नकाशा केला. त्यातून घ्यायचे ते घरोघर जाणे आणि एका वॉर्डापुरतेच राहण्याचा संयम. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने कर्ज देणे किती धोक्याचे यानुसार शहरांचे भाग चार रंगांत विभागले, आणि ज्या भागांत कृष्णवर्णीय राहत ते बहुधा सर्वांत धोक्याच्या, लाल रंगात गेले. रिचमंड विद्यापीठाने ते नकाशे संगणकावर आणून कोणालाही पाहण्यासाठी खुले केले आहेत. तसा एकच सुटसुटीत नकाशा सोलापूरला मिळणार नाही, त्यामुळे तो शोधण्यात दिवस घालवू नका. मला सर्वांत उपयोगी पडले ते केपटाउनचे डिस्ट्रिक्ट सिक्स. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि पुढच्या अनेक वर्षांत मिळून साठ हजारांवर माणसे तिथून हलवली गेली. तिथल्या संग्रहालयात जमिनीवर त्या भागाचा मोठा नकाशा पसरला आहे आणि जुने रहिवासी त्यावर आपापल्या गल्लीत स्वतःच्या हाताने नावे लिहितात. लिहिणारा हात कोणाचा, हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

आता साधने. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड १८८४ चा, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचा, आणि तो संगणकावर सहज मिळतो. जनगणनेचे खंडही मिळतात. १९३० च्या मार्शल लॉचे (लष्करी अंमलाचे) आणि गुन्हेगार जमातींच्या खात्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतील. ‘कल्पतरू’सारख्या सोलापूरच्या जुन्या वृत्तपत्रांचे सारांश सरकारने इंग्रजीत तयार करून घेतलेल्या देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक अहवालांत सापडतात, पण तो सारांश सरकारी भाषांतरकाराचा आहे हे विसरू नका, मूळ अंक मिळाला तर त्याला पहिला मान. घराघराची माहिती मात्र नगर भूमापनाच्या कागदांत आहे: चौकशी नोंदवही, मिळकत पत्रिका आणि थोडी जागा मोठी करून तपशिलाने दाखवणारे नकाशाचे शीट. एका कार्यालयात मला सलग अकरा दिवस ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर मिळाले आणि बाराव्या दिवशी शिपायाने स्वतःहून कपाट उघडून दिले. तुमच्या वेळापत्रकात असे दिवस धरून ठेवा. महाविद्यालयाचे पत्र, ओळखपत्राची प्रत आणि नक्कल शुल्काचे सुटे पैसे ही तिन्ही खिशात असू द्या.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नकाशे बसवायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसे आहे. नावांची वेगवेगळी स्पेलिंगे एकत्र आणायला ओपनरिफाइन, छापील मजकूर वाचून घ्यायला टेसरॅक्ट. ते मराठीही वाचते, पण जुन्या शिळाछाप मजकुरावर अडखळते, आणि मोडी तुम्हालाच शिकावी लागेल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर पूर्वभागातल्या अनेक गल्ल्यांना नावच नाही. काम करता करता ती भरलीत तर दुसऱ्यांचीही सोय होईल. १९६० च्या दशकातील अमेरिकन कोरोना उपग्रहांची छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. सोलापूरवरची ढगाविना आलेली फ्रेम मिळाली तर गिरण्यांच्या काळातले शहर वरून पाहायला मिळेल. जुनी गिरणी बंद झाली ती १९६३ मध्ये, त्यामुळे फ्रेमची तारीख नीट पाहा.

जिथे खरोखर वेळ द्यायचा ते काम म्हणजे जुना नकाशा आजच्या जमिनीवर बसवणे. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मद्रास वेधशाळेचे रेखांश एक ठरावीक आकडा धरून काढलेले होते. तो आकडा पुढे चुकीचा निघाला. म्हणून अनेक जुन्या पत्रकांच्या समासात बारीक अक्षरात सूचना छापलेली असते की रेखांशातून सुमारे अडीच मिनिटे वजा करा. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा समास कापून स्कॅन केला होता. कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले आणि भुईकोट किल्ला चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला, रानात जाऊन बसला. सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण साडेएकोणतीस मीटर. अडीच मिनिटांचा हिशेब तुम्हीच करून पाहा. किल्ला चार किलोमीटर सरकला तर ते डोळ्यांना दिसते आणि माणूस सावध होतो. घात करते ती छोटी चूक. जुने नकाशे पृथ्वीचा जो आकार एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये धरला त्यावर आहेत आणि आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या आकारावर. हा फरक न धरता नकाशा बसवलात तर घर एका बोळातून शेजारच्या बोळात जाते, आणि सोलापूरच्या जुन्या पेठांत शेजारचा बोळ म्हणजे पुष्कळदा दुसरी जात, दुसरी भाषा. तुमच्या संपूर्ण निष्कर्षाची दिशा एवढ्याने फिरू शकते.

म्हणून समासासकट स्कॅन करा. नियंत्रण बिंदू, म्हणजे जुन्या नकाशावर आणि आजच्या जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा, निवडताना किल्ल्याचे बुरूज घ्या, सिद्धेश्वर मंदिरासारखी जागची न हललेली वास्तू घ्या, रेल्वेच्या जुन्या पुलाचा खांब घ्या. तलावाची कड घेऊ नका, कारण ती पाण्याबरोबर हलते. चौकाचा मध्य घेऊ नका, कारण रस्ता रुंद करताना तो सरकतो. आणखी एक गोम आहे. क्यूजीआयएसमध्ये थिन प्लेट स्प्लाइन नावाचा पर्याय आहे, तो निवडला की प्रत्येक बिंदूची चूक शून्य दिसते आणि नवशिका खूश होतो. तो पर्याय नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदू जबरदस्तीने जागेवर बसवतो; चूक नाहीशी होत नाही, ती दोन बिंदूंच्या मधल्या भागात लपते. आधी साधे पहिल्या क्रमाचे रूपांतर करा (ते सगळा नकाशा एकसारखाच सरकवते, फिरवते आणि ताणते), प्रत्येक बिंदूची चूक मीटरमध्ये लिहा, आणि चौथा हिस्सा बिंदू बाजूला ठेवून त्यांच्यावर नकाशा तपासा. जिथे चूक हट्टाने मोठी राहते तिथे जुना मोजणीदार बहुधा गेलाच नव्हता, लांबून अंदाजाने काढून मोकळा झाला होता. कोणत्या वस्तीत मोजणीदार शिरला आणि कोणत्या वस्तीत नाही, हीदेखील तुमच्या विषयाची माहिती आहे. चुकांच्या आकड्यांचा स्वतंत्र नकाशा काढून पाहा; मला तो मूळ नकाशाइतकाच बोलका वाटतो.

तक्ते करतानाही असाच एक सापळा आहे. जुन्या यादीत ‘जात’ हा रकाना असतो आणि आपण तो एक्सेलमध्ये तसाच उतरवून घेतो. पण तो रकाना कोणी भरला? माणसाने स्वतः सांगितले, शेजाऱ्याने सांगितले, की कारकुनाने कपड्यांवरून ठरवले? १८८४ च्या खंडातला साळी, जनगणनेतला पद्मसाली आणि आज स्वतःला पद्मशाली म्हणवणारा माणूस यांना ओपनरिफाइनमध्ये एका बटणाने एक करून टाकता येते, आणि तसे केले की त्या समाजाने आपले नाव स्वतः ठरवण्यासाठी केलेला सगळा खटाटोप तुमच्या तक्त्यातून गायब होतो. तेलुगू कुटुंबांत घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर लिहितात. मराठी पद्धतीने रकाने पाडलेत तर आजोबा आणि नातू दोन वेगळ्या घराण्यांचे होतात. माझी पद्धत अशी आहे की मूळ शब्द जसा लिहिला आहे तसा पहिल्या रकान्यात कायमचा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या रकान्यात मी केलेले एकीकरण. तिसऱ्यात ते कोणत्या आधारावर केले. आणि चौथ्यात मूळ नोंद कोणाच्या हातची. तक्ता रुंद होतो, टाइप करणारी मुले कुरकुरतात, पण परीक्षकाने विचारले तर उत्तर तयार असते.

काळाचा रकाना १९३० साठी फार महत्त्वाचा ठरतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून गोळीबार झाला, आणि पुढच्या काही दिवसांत शहरात मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. या घटना प्रत्येक सोलापूरकराला पाठ आहेत आणि म्हणूनच त्या नकाशावर टाकताना घाई होते. सरकारी निवेदनातील वेळ, खटल्यातील साक्षीची वेळ आणि आठवणीतली वेळ वेगवेगळी असते. एकच वेळ पक्की करून ठिपका टाकण्यापेक्षा ‘या वेळेपासून त्या वेळेपर्यंत’ असा अवधी लिहा आणि प्रत्येक साक्षीची ओळ वेगळी ठेवा. मग तुमच्या विषयाचा प्रश्न या तक्त्याला विचारा: त्या आठवड्यांत कोणत्या रस्त्यावर कोणाला, कोणत्या पोशाखात, हातात काय घेऊन चालता येत होते? डोक्यावरची पांढरी टोपी आणि हातातला झेंडा यांवरून माणूस गुन्हेगार ठरत होता. सेटलमेंटमधल्या माणसासाठी हे वर्षभराचे जगणे होते. उरलेल्या शहराने ते काही आठवडे अनुभवले. हे दोन थर एकमेकांवर ठेवून कोणी अजून पाहिलेले माझ्या वाचनात नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर हेच प्रकरण आधी लिहिले असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर इतके लांबले तिच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी जुन्या अहवालांतून आणि याद्यांतून नावे, वये, जमात आणि ‘वर्तणूक’ असे रकाने असलेला तक्ता तयार केला होता. नाव टाकले की माणूस सापडे. मला त्याचा अभिमान होता. सेटलमेंटमधल्या एका समाजमंदिरात तो पडद्यावर दाखवला, तेव्हा मागे बसलेले एक म्हातारे उठून म्हणाले, “साहेब, हजेरी बंद झाली तवा आमच्या बापानं गल्लीत साखर वाटली हुती. तुमी परत नावं पुकारायला लागलाव का?” सभा तिथेच थांबली. घरी येऊन पाहिले तर माझ्या तक्त्याचे रकाने आणि वसाहतीच्या हजेरीपुस्तकाचे रकाने यांत फरक एवढाच होता की माझा तक्ता जास्त वेगाने शोधत होता.

त्यानंतर मी नियम बदलले. गुन्हेगार जमातींच्या नोंदींतील व्यक्तींची नावे कोणत्याही खुल्या फाइलमध्ये जात नाहीत. संशोधनासाठी क्रमांक देतो, आणि नाव-क्रमांकाची जोडणी वेगळ्या, कुलूपबंद प्रतीत राहते. एखाद्या कुटुंबाने आपल्या आजोबांची नोंद मागितली तर त्यांना ती छापून, वाचून दाखवतो. ती पुढे कोणाला दाखवायची हे त्यांनी ठरवायचे. नकाशावर घराचा ठिपका न टाकता ओळीचा किंवा चौकोनाचा रंग दाखवतो. लक्षात घ्या की १९५२ नंतरही सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यातला १९५९ चा, आणि चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या वस्तीत जातात हे त्या वस्तीतली पोरेही सांगतील. अशा वेळी पत्त्यासकट शोधता येणारी यादी कोणाच्या हाती लागेल याचा विचार संशोधकाने आधीच करायचा असतो. तुमच्या विद्यापीठाची नैतिकता समिती बहुधा फक्त सहीचा संमतिपत्राचा नमुना मागेल. तो द्याच, पण संमती एका माणसाची आणि नाव सगळ्या वस्तीचे, ही अडचण त्या नमुन्यात बसत नाही. पंचांशी, महिला मंडळाशी वेगळे बोलून घ्या.

आठवणींचे काम कसे करावे, याविषयी थोडेसे. संगणक घेऊन जाऊ नका. नगर भूमापनाच्या शीटवरून रस्त्यांच्या फिकट रेघा तेवढ्या ठेवून मोठा नकाशा कापडावर छापून घ्या. सोलापुरात कापड आणि छपाई दोन्ही स्वस्त आहे. तो ओट्यावर पसरा आणि पेन त्यांच्या हातात द्या. गिरणीत काम केलेल्या एका बाईंनी नकाशावर घर दाखवण्याआधी भोंगा दाखवला: पहिला भोंगा झाला की चूल, दुसरा झाला की रस्ता, तिसरा झाला आणि फाटकाबाहेर असाल तर खाडा. मग त्यांनी तो आवाज कुठपर्यंत येई ते बोटाने फिरवून दाखवले, आणि ते वर्तुळ कोणत्याही वॉर्डाच्या हद्दीशी जुळत नव्हते. ते मी वेगळा थर म्हणून ठेवले आहे. दुसऱ्या एका दुपारी दोन वृद्धांनी तारेचे कुंपण दोन वेगळ्या जागी दाखवले, मधले अंतर साठ-सत्तर पावले. मी सरासरी काढून मधोमध रेघ मारणार होतो. ती मारली असती तर जिथे कोणालाच तार आठवत नाही अशा जागी मी तार लावली असती. कुंपण एकदाच घातले गेले असे मानायला माझ्याकडे आधार नव्हता, तेव्हा दोन्ही रेघा सांगणाऱ्याच्या क्रमांकासह ठेवल्या, आणि कागदावरची हद्द तिसऱ्या रंगात.

शेवटी व्याप्ती. संपूर्ण सोलापूर घेऊ नका. हद्द १९६४ मध्ये महानगरपालिका झाल्यावर आणि नंतरही बदलत गेली आहे, आणि वॉर्डवार आकडे एकमेकांशी जुळवण्यातच तुमची शिष्यवृत्ती संपेल. स्टेशनपासून जुन्या गिरणीच्या आवारापर्यंत आणि तिथून सेटलमेंटपर्यंतचा पट्टा घ्या. पहिले दोन महिने फक्त चाला, तेही सकाळच्या आणि रात्रपाळीच्या जुन्या वेळांना. तिसऱ्या महिन्यात एकच शीट जमिनीवर बसवा आणि नियंत्रण बिंदूंची यादी, प्रत्येकाची चूक मीटरमध्ये लिहून, मला पाठवा. समास कापलेला नाही एवढे पाठवण्याआधी एकदा बघा.